आईने सांगितलेल्या गोष्टी आणि आमच्या घरातून गेलेली साखर

वारणाकाठची

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज दुपारी जरा निवांत आहे म्हणून लिहून काढते, मोठं होईल, सांभाळून घ्या.

माझं माहेर वाळवा तालुक्यातलं, वारणेच्या काठचं. घरचा ऊस. लहानपणापासून घरातलं प्रत्येक काम उसाच्या बिलावर ठरलेलं, बिल आलं की शाळेची फी, बिल आलं की दादाची सायकल, माझं लग्नसुद्धा तोड होऊन पहिला हप्ता जमा झाल्यावरच ठरलं. बाबा कारखान्याचे सभासद, त्यामुळे दिवाळीच्या आधी सवलतीच्या दरातली साखर यायची. पोतं माजघराच्या कोपऱ्यात पाटावर उभं करायचे आणि मुंग्या येऊ नयेत म्हणून भोवती हळदीची रेघ. त्या पोत्यातनं आई पाहुण्यारावळ्यांना, माहेरवाशिणींना डबे भरभरून द्यायची. अशा घरातली मी, साखरेला वाईट बोलायला माझी जीभ रेटत नाही. तिनंच आम्हाला शिकवलंय.

मी दहावीत असताना बाबांना शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले साखर बंद. मग आईनं बाबांचा चहा वेगळा करायला सुरुवात केली. सगळ्यांचा चहा एकाच पातेल्यात, साखर घालायच्या आधी एक कप बाजूला काढायचा आणि तो ओळखू यावा म्हणून त्याच्यावर चमचा आडवा ठेवायचा. ट्रे सोप्यात आला की चमच्याचा कप बाबांचा. दहा माणसं बसलेली असली तरी सगळ्यांचं लक्ष त्या कपाकडं जायचं, कुणीतरी हमखास विचारायचं, "काय अण्णा, कधीपासनं?" बाबा हसून उत्तर द्यायचे पण हळूहळू त्यांनी घरी चहा पिणंच कमी केलं आणि फाट्यावरच्या टपरीवर जाऊ लागले, तिथं त्यांचा कप कुणी वेगळा करत नव्हतं. सणाला आम्ही पुरणपोळी खायचो आणि त्यांच्या ताटात भाकरी. मग रात्री सगळे झोपले की फडताळाचं दार वाजायचं. आईला कळायचं, मलाही कळायचं, बोलायचं कुणीच नाही. पुढं पायाच्या अंगठ्याला चप्पल लागून जखम झाली, ती चार महिने भरली नाही, दोन बोटं काढावी लागली. आता बाबा नाहीत.

मागच्या वर्षी मे महिन्यात माझा रिपोर्ट आला. वय ४३, एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, ६.१, उपाशीपोटी साखर ११२. डॉक्टर म्हणाल्या, ५.७ च्या आत असेल तर ठीक, ६.५ पासून डायबेटिस, तुम्ही मधल्या उंबरठ्यावर आहात, अजून मागे फिरता येईल. दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसूनच मी आईला फोन लावला. म्हटलं, उद्यापासून माझा चहा बिनसाखरेचा.

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तुझा एकटीचा करू नकोस. तुझ्या बाबांचा कप मी वेगळा काढला, तिथंच चुकलं माझं. एकाच घरात माणूस पंगतीतनं उठवल्यासारखा झाला."

सत्तरीची माझी आई, सातवी शिकलेली. तिनं मला फोनवर एवढंच सांगितलं, वाण्याच्या यादीत साखर किती लिहितेस ते बघ, आणि दर महिन्याला अर्धा किलो कमी लिही. कुणाला सांगू नकोस, कुणाच्या कपात डोकावू नकोस, डबा रिकामा झाला की महिना संपेपर्यंत पुन्हा आणू नकोस. बास.

मी यादी बघितली. आम्ही चौघं, महिन्याला ५ किलो. भागाकार करून बघा, माणशी दिवसाला ४१-४२ ग्रॅम होते, आणि यात बिस्किटं, जॅम, केचप, बाहेरचं काहीच नाही. मला खरंच धक्का बसला, कारण आम्ही काही गोडखाऊ घर नाही असंच मी समजत होते.

आईचे सल्ले सगळे असेच असतात, हाताला लागणारे. उसने पैसे घेतले तर परत द्यायची तारीख आपणहून सांगायची. घरात भांडण झालं तरी ताट आपटायचं नाही. आजाऱ्याला कसं वाटतंय विचारायच्या आधी त्याच्या उशाशी तांब्या भरून ठेवायचा. आणि कुणाच्या घरी चहा नको असेल तर नुसतं नको म्हणायचं नाही, "वैनी, पाणी द्या की जरा गार" म्हणून मागून घ्यायचं, म्हणजे त्या बाईनं आपल्याला काहीतरी दिलेलं असतं. हा शेवटचा सल्ला गेल्या वर्षभरात मला इतका उपयोगी पडलाय की काय सांगू.

तुमच्या घरी काय झालं, तुमच्या आईनं काय सांगितलं, सणावाराला कसं निभावलंत, सगळं लिहा.

दवबिंदू

तो आडवा चमचा वाचला आणि पुढचं वाचवेना. आमच्याकडे बशी उलटी ठेवायचे. माझ्या काकूचा कप होता तो आणि ती शेवटी शेवटी चार लोकांत बसायलाच यायची नाही, स्वयंपाकघरातच उभ्याउभ्या पिऊन घ्यायची. आम्ही लहान होतो, कधी विचारलंच नाही का म्हणून.

ताई, पुढं काय झालं ते लिहा ना, ५ किलोवरून कुठवर आलात? आणि घरच्यांना कळलं का?

रानपाखरू

लेख आवडला पण मी उलट बाजूने आलोय म्हणून लिहितो. मला हे हळूहळू प्रकरण जमलंच नसतं, डबा समोर असला की हात जाणारच. मी एका सोमवारी बंद केली ती केलीच. पहिले चार दिवस डोकं धरलं होतं, चिडचिड इतकी की ऑफिसात दोन माणसांशी भांडलो आणि नंतर जाऊन माफी मागितली. आठव्या-नवव्या दिवशी संध्याकाळी भूक लागली म्हणून एक केळं खाल्लं आणि ते इतकं गोड लागलं की मी साल उलटंपालटं करून बघितलं, वेगळ्या जातीचं आहे की काय. वेलचीच होतं, नेहमीचंच. तीन महिन्यांनी कुणीतरी पेढा दिला, अर्धा खाऊन बाकीचा ठेवावा लागला, घशाशी आला.

त्यामुळे ज्याचा जसा स्वभाव तसं त्यानं करावं. पण तुमच्या आईचं घरातनं काढायचं म्हणणं शंभर टक्के पटलं. माझी बायको माझ्यासाठी म्हणून बिनसाखरेची झाली, मी कधी सांगितलं नव्हतं तिला. ते मला पथ्यापेक्षा जास्त लागू पडलं.

माडावळ

नमस्कार, फोंड्याहून लिहिते. आमच्या गोव्याचं नाव या बाबतीत यादीत सगळ्यात वर आहे. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या देशभरच्या पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले, त्यात गोव्यात २६.४ टक्के मोठ्या माणसांना डायबेटिस, म्हणजे चारातला एक. देशात १० कोटींच्या वर. माझ्या घरात आम्ही आठ, त्यातले तीन गोळ्यांवर, म्हणजे तो आकडा आमच्या जेवणाच्या टेबलावरच बसलाय.

चवथीला नेवऱ्या, पातोळ्यो, नाताळाला शेजारून येणारा दोदोल आणि बिबिंका, हे सोडा म्हटलं तर शेजार सोडा म्हटल्यासारखं होतं. माझ्या आईनं तोडगा काढलेला, ताट आलं की त्यातला एक तुकडा देवापुढे, एक तुकडा आपल्या तोंडात आणि उरलेलं त्याच दिवशी वाटून टाकायचं, रात्रीवर ठेवायचं नाही. फ्रीजमध्ये राहिलं की रोज थोडं थोडं जातं पोटात.

आणि आम्ही आता सगळं गुळावर आणलंय, चहासुद्धा. गूळ चालतो ना?

अबोली_आहार

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, रोज दिवसातून दहा वेळा हा प्रश्न येतो म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माडावळताई, गूळ बहुतांशी तीच साखर आहे, उसाचा रस आटवलेला. थोडं लोह, थोडी खनिजं जास्त, पण रक्तातली साखर वाढवायला तो मागे राहत नाही. मधाचंही तेच. गुळाची चव आवडते म्हणून खायचा असेल तर खा पण तो साखरेच्या हिशोबात धरा, बाहेर नको. मला वाईट वाटतं ते याचं की लोक साखर सोडल्याच्या आनंदात गूळ दुप्पट खातात, आणि तीन महिन्यांनी रिपोर्ट तसाच आला की हिंमत सोडतात.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगितलंय की वरून घातलेली साखर, त्यात मध आणि फळांचा रसही आला, रोजच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत हवी आणि ५ टक्क्यांच्या आत असेल तर आणखी बरं. ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम, चहाचे पाचसहा चमचे. अख्खं फळ यात धरत नाहीत. फळ सोडू नका, फळाचा रस सोडा.

पाकीट घेताना मागे बघायची सवय लावा. साखर, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज, माल्टोडेक्स्ट्रिन, अशी नावं वेगवेगळी लिहिलेली असतात पण पोटात जाऊन काम एकच करतात. कोलाच्या ३०० मिलीच्या बाटलीत तीस ग्रॅमच्या वर साखर असते. च्यवनप्राश, खोकल्याची गोड औषधं, दुधात घालायची पावडर, यांच्याकडं कुणाचं लक्ष जात नाही.

गोड लागणाऱ्या बिनसाखरेच्या गोळ्यांबद्दल कुणी विचारेलच. वजन कमी करण्यासाठी त्या वापरू नका असं त्याच संघटनेनं २०२३ मध्ये सांगितलंय, ज्यांना आधीच डायबेटिस आहे त्यांच्यासाठी तो सल्ला नाही, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावं. माझ्या अनुभवात गोळीनं जिभेची सवय तशीच राहते.

आणखी एक, एचबीएवनसी करताना हिमोग्लोबिनही बघून घ्या. लोह कमी असेल तर हा आकडा असतो त्यापेक्षा जास्त दिसू शकतो, आणि आपल्या बायकांत लोह कमी असणं किती घरोघरी आहे ते काय सांगायचं.

वारणाकाठची

अबोलीताई खूप आभार, हिमोग्लोबिन माझं १०.८ निघालं होतं, त्याचीही औषधं घेतली.

दवबिंदू, पुढचं सांगते. जूनमध्ये साडेचार किलो लिहिली, कुणालाच कळलं नाही. जुलैत चार, नवऱ्यानं एकदा विचारलं साखर बदलली का, कमी गोड लागते. मी म्हटलं असेल. ऑगस्टमध्ये सणांमुळे अडले, पुन्हा आईला फोन. ती म्हणाली चहापूड किती घालतेस? म्हटलं पाच कपाला चार चमचे आणि चांगला खळखळून उकळते. "मग साखर मागणारच की तो. कडू करायचं आणि मग गोड करत बसायचं. पूड निम्मी कर, पाणी उकळलं की पूड टाकून झाकून ठेव, दूध वरनं घाल." करून बघितलं आणि खरंच, त्या चहाला कपाला अर्धा चमचाही भरपूर होतो. एवढी साधी गोष्ट, २० वर्षं चहा करतेय, लक्षात आली नव्हती.

सासूबाईंचा विषय जरा अवघड होता. त्यांना सकाळी मारी बिस्किटं लागतात, आणि ती गोड नसतात असंच आपण सगळे धरून चालतो, पण पाकिटामागे बघितलं तर शंभर ग्रॅमला वीसच्या वर साखर. मी त्यांना काही बोलले नाही. बिस्किटांच्या डब्याशेजारी ज्वारीच्या लाह्या, भाजलेले शेंगदाणे आणि फुटाण्यांचा डबा ठेवला, आणि मी त्यांच्यासोबत बसून ते खायला लागले. पहिला महिनाभर त्यांनी हात लावला नाही. मग एक दिवस म्हणाल्या, "आमच्या लहानपणी साखर रेशनवर मिळायची, घरात चहा गुळाचा, साखरेचा चहा आला की समजायचं पाहुणा मोठा आहे." आणि मूठभर फुटाणे उचलले. त्यांच्या त्या वाक्यानं मला खूप उलगडलं. आपल्या पिढ्यांनी साखर चव म्हणून घेतलीच नाही, मान म्हणून घेतलीये, म्हणून ती कमी केली की मान कमी केल्यासारखं वाटतं.

जानेवारीत यादीत दीड किलो होती.

सह्यगिरी

निवृत्त शिक्षक आहे. माझी आई अगदी किडकिडीत, नऊवारीत हरवून जायची, त्यामुळे तिला शुगर असेल असं आमच्या डोक्यातही आलं नाही. डोळ्यांना दिसेनासं झालं तेव्हा तपासणी केली आणि ३२० निघाली, किती वर्षं होती कोण जाणे.

नंतर वाचत गेलो तेव्हा पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम वाचनात आलं. २००४ साली लॅन्सेट या नियतकालिकात एक छोटासा लेख आहे, त्यात याज्ञिक आणि इंग्लंडमधले डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. दिसायला दोघंही सडपातळ. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. म्हणजे आपल्याकडचा बारीक माणूस आतून बारीक असेलच असं नाही. हा फोटो मी शाळेत असतो तर प्रत्येक वर्गात लावला असता.

आई म्हणायची, "पोट भरलं का विचारू नये, अंगी लागलं का विचारावं." ते मला आता कळतंय. कृपा करून आपल्या घरातल्या बारीक माणसांचीही तपासणी करून घ्या, ती राहून जातात.

पिंपळपान

सगळं छान चाललंय पण एक गोष्ट कळकळीनं सांगते. घरात कुणी इन्सुलिनवर किंवा शुगरच्या गोळ्यांवर असेल तर घरातनं साखर पूर्ण हद्दपार करू नका आणि डॉक्टरांना न विचारता खाणंही अचानक कमी करू नका.

माझ्या वडिलांनी असाच एक लेख वाचून जेवणातला भात, साखर सगळं एकदम बंद केलं, इन्सुलिनचे डोस तेच. चौथ्या दिवशी पहाटे आई हाका मारतेय, हे घामानं ओलेचिंब, बोलणं अडखळतंय, आम्हाला वाटलं झटका आला. मशीनवर ४८. आईनं घाबरून न जाता तीन चमचे साखर पाण्यात ढवळून घोट घोट पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, ८१ आलं, मग पोळी-भाजी खायला दिली. ते शुद्धीत होते म्हणून पाजता आलं, बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचं नसतं, सरळ दवाखान्यात न्यायचं. डॉक्टर नंतर म्हणाले, ७० च्या खाली गेलं की साखर हेच औषध. तेव्हापासून वडिलांच्या खिशात ग्लुकोजची पुडी आणि देव्हाऱ्याशेजारी साखरेची छोटी बरणी कायम असते. घरातल्या पोराबाळांनाही माहीत आहे ती बरणी कशासाठी आहे.

वारणाकाठची

पिंपळपान, हे लिहिलंत फार बरं झालं. वरच माझ्या लिहिण्यात यायला हवं होतं हे. मी गोळ्यांवर नव्हते म्हणून सुचलं नाही. सगळ्यांनी हा प्रतिसाद नक्की वाचा.

ओंजळ

मला सातवा महिना चालू आहे. डॉक्टरांनी ग्लुकोज पाजून टेस्ट केली, थोडी वर आलीये, खाण्यावर सांभाळायला सांगितलंय. सासरी डोहाळजेवणाची तयारी चाललीये, सात प्रकारचे लाडू येणार आहेत, आणि नको म्हणायला मला फार जड जातंय.

माझा भाऊ संशोधन क्षेत्रात आहे, त्यानं २०२४ चा एक अभ्यास सांगितला. ब्रिटनमध्ये महायुद्धातलं साखरेचं रेशनिंग सप्टेंबर १९५३ मध्ये उठलं. जी मुलं आईच्या पोटात असताना आणि पहिल्या दोनेक वर्षांत रेशनिंगमध्ये वाढली, त्यांना मोठेपणी डायबेटिस होण्याचं प्रमाण नंतर जन्मलेल्यांपेक्षा साधारण ३५ टक्के कमी निघालं. हे ऐकल्यापासून मला वाटतंय की मी आत्ता जे खातेय ते दोघांचं आहे आणि फार पुढपर्यंत जाणारं आहे. ताई, तुमच्या आईला विचाराल का, डोहाळजेवणात काय करू?

वारणाकाठची

ओंजळ, लगेच आईला फोन केला. ती म्हणाली, "लाडू ओटीत घ्यायचे. ओटीतलं तिथं बसून खायचं नसतं, घरी जाऊन वाटायचं असतं, कुणाला वाईट वाटत नाही. आणि तोंडात एक घास सासूच्या हातचा घ्यायचा, तो नाही म्हणायचा नाही. तेवढ्यानं काय होत नाही." आणि तुझ्या डॉक्टरांना विचारून जेवणानंतर जरा चाल म्हणाली. सांभाळून राहा गं, काही लागलं तर लिही.

एडिसनकर

न्यू जर्सीत १४ वर्षं झाली. इथं ब्रेडमध्ये साखर, दह्यात साखर, पास्त्याच्या सॉसमध्ये साखर. पाकिटावर वरून घातलेली साखर वेगळी छापायची सक्ती आहे, भारतातही आता छापतात, त्यामुळे निदान कळतं. मुलांच्या शाळेत वाढदिवसाला कपकेक येतातच, पण भाची म्हणाली तिच्या पुण्यातल्या शाळेत साखरेचा फलक लागलाय, कुठल्या पेयात किती चमचे ते दाखवणारा. सीबीएसईनं २०२५ च्या मे मध्ये शाळांना ते सांगितलं होतं. फार चांगलं काम वाटलं मला हे.

माझी आई नागपूरची, रोज रात्री व्हिडिओ कॉलवर पहिला प्रश्न, "काय खाल्लंस बेटा?" मी पूर्वी काहीतरी ठोकून द्यायचो. आता खरं सांगतो, कारण खोटं सांगायला लागू नये म्हणून नीट खातो. तिनं याच्याबद्दल कधी सल्ला म्हणून एक शब्द दिलेला नाही, पण रोज विचारणारं माणूस असलं की पुरतं.

साताऱ्याचा_आजोबा

वय ७६. मंडळी, तुमचं सगळं बरोबर असेल, पण माझं ऐका. बायको जाऊन तीन वर्षं झाली. सून, मुलगा चांगले आहेत पण दिवसभर कामावर. दुपारी चार वाजता मी एकटा असतो आणि तेव्हा कंदी पेढ्याचा एक तुकडा खातो. आम्ही दोघं रोज चारला अर्धा अर्धा खायचो. डॉक्टर बंद करा म्हणतात. साखर जरा वर आहे, गोळी चालू आहे. तो तुकडा बंद केला तर माझ्याकडे दुपारी चारचं काय उरतं ते सांगा.

वारणाकाठची

आजोबा, तुमचं लिहिलेलं मी आईला जसंच्या तसं वाचून दाखवलं. ती डोळे पुसत होती. मग म्हणाली, "त्यांना सांग, पेढा बंद करू नका, अर्धाच खायचा, वैनींचा अर्धा शेजारच्या पोराला द्यायचा. आणि उभ्यानं खायचा नाही, बशीत घेऊन बसून खायचा. त्या पोराला रोज चारला बोलवायचं." डॉक्टरांना मात्र हे सांगून ठेवा आजोबा, की रोज एवढा खातो म्हणून, लपवू नका. माझ्या बाबांनी लपवलं.

साताऱ्याचा_आजोबा

वरच्या मजल्यावर दुसरीतला मुलगा आहे. आज विचारतो त्याच्या आईला.

दवबिंदू

ताई, आजोबांचं वाचून बराच वेळ काही सुचेना. तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा. आणि तुमचा रिपोर्ट? यंदाच्या दिवाळीत सभासदाची साखर आली का?

वारणाकाठची

रिपोर्ट मेमध्ये पुन्हा केला, ५.८. अजून पूर्ण खाली नाही पण डॉक्टर खूश होत्या, रात्री जेवून झाल्यावर अर्धा तास चालणं चालू ठेवा म्हणाल्या. लोहाच्या गोळ्यांनीही थोडा फरक पडला असेल. यादीत आता महिन्याला एक किलो असते, त्यातलीही उरते.

दिवाळीला माहेरी गेले होते. बाबांच्या जागी आईचं नाव लागलंय सभासद म्हणून, त्यामुळे साखर आलीच होती, तशीच पाटावर, हळदीची रेघ तशीच. म्हटलं आई आता हिचं काय करणार? तिनं डबे भरून ठेवले होते. तोडीची टोळी येते ना बीडकडची, रानात कोप्या घालतात, त्या बायकांना द्यायला. "पहाटे चारला उठून कोयता हाणतात, थंडीत चहाला लागते त्यांना," म्हणाली.

दुपारी माझे चुलते आले, आईनं चहा ठेवला, फिका, झाकून, दूध वरनं. चुलत्यांना साखर लागते. आईनं एका कपात साखर घातली, ढवळली आणि ओळखू यावा म्हणून त्याच्यावर चमचा आडवा ठेवला. बाकीचे सगळे कप बिनसाखरेचे. ट्रे माझ्या हातात देताना तिनं एकदा त्या चमच्याकडं बघितलं, मग तो उचलून बाजूला ठेवला आणि म्हणाली, "राहू दे, मी लक्षात ठेवते कुठला ते." आणि चुलत्यांचा कप स्वतः हातात घेऊन बाहेर गेली.